गिरणाकाठच्या वाळूतली बुरशी: नोंद कुठे करायची, काठ कसा वाचवायचा?

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, वनस्पतीशास्त्र शिकलेले आहेत, महसुलात नोकरी केलेलेही आहेत, म्हणून इथेच मांडतो.

आमच्या गावाला लागून गिरणेच्या पात्राच्या वर वाळूचा एक उंच काठ आहे. मोठा पूर आला तरच तिथवर पाणी पोहोचतं. तो ना कुणाच्या पिकाखाली, ना लिलावाच्या घाटात. वर वेडी बाभूळ, रुई, दोन-चार हिवर, मधेमधे मोकळी वाळू. पावसाचे पहिले दोन-तीन सडाके झाले, की त्या मोकळ्या वाळूतून दांडे वर येतात. सुरुवातीला पांढुरके, अंगावर खवले. आठ-दहा दिवसांत तपकिरी पडतात, वीत-दीड वीत उंच होतात आणि वाळून असे कडक होतात की दिवाळीपर्यंत उभे दिसतात. डोकं फुटलं की आतून गडद पूड उडते. गावात सगळे त्याला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि पोरं पायाने उडवत जातात. फोटो जोडले आहेत.

मध्यंतरी इंग्लंडमधल्या एका बुरशीबद्दल वाचलं, बटारिया फॅलॉइडिस. तीही कोरड्या वाळूत वाढते, तिचाही दांडा उंच आणि खवल्यांचा, आणि तिथे तिला कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय तोडणं गुन्हा. हे वाचल्यापासून काठावर गेलो की पाय जपून टाकतो.

आता खरी अडचण. यंदा उन्हाळ्यात डंपर पात्रात उतरवायला काठ कापून उतार केला. जेसीबीने दोन जागी काठ पार खालपर्यंत खरवडला. जिथे दांडे दाट यायचे त्यातला जवळपास अर्धा भाग गेला. तक्रार केली, तर विचारतात, तिथे होतं काय? झाड तुटलेलं नाही, शेत गेलेलं नाही, मग नुकसान कसलं? माझ्याकडे उत्तर आहे, पण ते कुठल्याच कागदावर नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ही बुरशी नेमकी कोणती ते कसं ठरवायचं? आणि ती सरकारदरबारी नोंदवायची सोय आपल्याकडे आहे का?

---

अहिराणी_लेक

राम राम भाऊ. मना माहेर बी गिरणाकाठेच शे. हाई छत्री आम्ही ल्हानपने भलती दखेल शे. खावाले चालस का? आमना आजी हात लावू दे ना नही.

---

बुरशीवेडी

धागा काढलात ते फार बरं झालं. मी बुरशीवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटोवरून माझा कल पोडॅक्सिस पिस्टिलॅरिसकडे आहे. पण फोटो वरून काढलेले आहेत आणि डोकी फुटलेली आहेत, म्हणून आत्ताच ठाम सांगत नाही. पोडॅक्सिस आणि तुम्ही वाचलेली बटारिया, दोन्ही बुरशा वाळूच्या, दोन्हींचा दांडा उंच, दोन्हींत पूड. लांबून घोटाळा होतो. जवळून बघितलं तर होऊ नये.

पोडॅक्सिसचं डोकं लांबट असतं, बंद छत्रीसारखं. टोपी खाली दांड्याला बिलगलेली असते आणि बीजाणूंची पूड तिच्या आत भरलेली असते. बटारियाचं डोकं बुटकं आणि घुमटाकार. त्याचं वरचं आवरण कडेने गोल फाटून झाकण निघावं तसं निघून जातं आणि गंजाच्या रंगाची पूड उघड्यावर राहते. बटारियाच्या दांड्याच्या बुडाशी वाळूत एक पिशवी असते. बुरशी जमिनीखाली अंड्याच्या आकारात तयार होते, मग दांडा भराभर लांबतो आणि अंड्याचं कवच खाली पिशवी होऊन राहतं. म्हणून दांडा उपटू नका, बाजूची वाळू हाताने सारून बूड बघा.

सगळ्यात पक्की खूण: एक वाळलेला दांडा डोक्यासकट उभा चिरा. दांडा डोक्याच्या आतून थेट शेंड्यापर्यंत गेलेला दिसला तर पोडॅक्सिस. डोक्याच्या तळाशीच संपला तर बटारियाचा विचार करायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पूड बघायची. बटारियाच्या पुडीत बीजाणूंच्या जोडीला पीळ असलेले बारीक तंतू सापडतात. पूड मोकळी होऊन वाऱ्यावर जावी म्हणून ते कामी येतात.

अहिराणी_लेक ताई, तुमच्या आजीचं बरोबर. राजस्थानात पोडॅक्सिस आणि फेलोरिनिया या वाळूतल्या बुरशा कोवळ्या असताना खुंबी म्हणून खातात, पावसाळ्यात बाजारातही येतात. पण ते खाणारे ती लहानपणापासून ओळखतात. फोटो बघून कुणी खाऊ नये, आणि इथे कुणी कुणाला खायला सांगूही नये.

---

डांगरवाडी

भाऊ, राग मानू नका, मनात आलं ते लिहितो. आम्ही नदीच्या वाळूत टरबूज-डांगर लावणारी माणसं. वाळू गेली तशी आमची वाडीही गेली. जिथे हाताने झिरा खणला की पाणी लागायचं तिथे आता खडक उघडा पडलाय. काठच्या विहिरींनी तळ गाठला. तेव्हा कुणी विचारलं नाही. आता बुरशीसाठी काठ वाचवा म्हणताय. माणसाच्या पाण्यासाठी जे थांबलं नाही ते कुत्र्याच्या छत्रीसाठी कसं थांबेल?

---

गिरणाकाठचा

दादा, राग कसला, तुम्ही लिहिलंय ते माझ्या घरातलंच आहे. आमचीही विहीर त्याच काठाची. बुरशी आणि पाणी हे दोन वेगळे विषय मी मानतच नाही. जी वाळू पाणी धरून ठेवते तिच्याच वरच्या कोरड्या थरात ही बुरशी राहते. वाळू राहिली तर दोन्ही राहतील.

---

इप्सविचकर_खान्देशी

मूळ गाव तापीकाठचं, सध्या मुक्काम इप्सविच, परगणा सफोक. धागा बघून राहवलं नाही, कारण बटारियाची कथा माझ्या इथल्या परगण्यातूनच सुरू होते.

१७८२ साली सफोकमधल्या बंगे गावाजवळ ती पहिल्यांदा सापडली. वुडवर्ड नावाच्या अभ्यासकाने १७८४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन दिलं. पुढच्या वर्षी डिक्सनने तिला लायकोपर्डन फॅलॉइडिस नाव दिलं आणि १८०१ मध्ये पर्सूनने बटारिया या वंशात टाकलं. रिमिनीचे पाद्री बटारा बुरशांचे अभ्यासक होते, त्यांच्यावरून ते वंशाचं नाव. म्हणजे या बुरशीचा दोन शतकांहून जास्त काळचा माग कागदावर आहे. इथल्या लोकांना ती वाचवावीशी वाटली त्यामागे हे मोठं कारण आहे. कधी, कुठे दिसली याची यादी होती, म्हणून किती जागी दिसेनाशी झाली तेही कळलं.

इथे ती कोरड्या वाळूच्या बांधांवर येते. शेताच्या कडेला किंवा रस्त्याच्या कडेला मातीचा उंच बांध आणि त्यावर झुडपांचं कुंपण, असे बांध इथे जुने आहेत. रस्ता रुंद करताना किंवा बांध नीटनेटका करताना खरवडला की तिची जागा जाते. अगदी तुमच्या काठाचंच दुखणं.

इथला वन्यजीव कायदा १९८१ चा, वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट. त्याचं आठवं परिशिष्ट संरक्षित वनस्पतींचं आहे. १९९८ मध्ये त्यात चार बुरशा घेतल्या, त्यातली एक बटारिया. बुरशी ही वनस्पती नाही हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. तरी वेगळं परिशिष्ट होईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून वनस्पतींच्या यादीतच बसवली. मला ही गोष्ट फार आवडते.

अवांतर: मायरिओस्टोमा नावाची आणखी एक वाळूतली बुरशी ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून १८८० नंतर गेली असंच धरून चालले होते. २००६ मध्ये ती सफोकमध्येच पुन्हा सापडली. सव्वाशे वर्षं कुणाला दिसली नव्हती.

---

बुरशीवेडी

इप्सविचकर, सुंदर. एक भर घालते, नाहीतर गैरसमज होईल. बटारिया जगातून संपत आलेली बुरशी नाही. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा अनेक खंडांच्या कोरड्या भागांत ती आहे. युरोपात ती दुर्मीळ. तिथल्या जागा थोड्या, आणि गेलेली जागा परत मिळत नाही, म्हणून तिथे तिला जपतात. दुर्मीळपणा असा जागेशी बांधलेला असतो. राजस्थानात पोत्याने मिळणारी गोष्ट खान्देशात चार काठांवर उरली असेल, तर खान्देशापुरती ती दुर्मीळच.

---

तळवेल_नाना

पण कायदा तर तोडू नका म्हणतो. आपली पोरं लाथ मारतात त्याने बुरशी मरते का? तसं असेल तर शाळेत सांगता येईल.

---

बुरशीवेडी

नाना, चांगला प्रश्न. वर दिसतं ते बुरशीचं फळ. तिचं अंग म्हणजे वाळूत पसरलेले पांढरे धागे, ते वर्षभर खाली असतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून २९ वर्षं एका जंगलात मुद्दाम प्रयोग केला. काही तुकड्यांतली भूछत्रं दरवर्षी काढली, काहींत हात लावला नाही. काढल्यामुळे पुढच्या वर्षांचं पीक घटलं नाही. मात्र जिथे माणसं पायाने जमीन तुडवत होती तिथे भूछत्रं कमी उगवली. ते जंगल होतं, आपली वाळू वेगळी, पण त्यातलं मर्म इथेही लागू पडावं असं मला वाटतं.

लाथ मारल्याने उलट पूड पसरते. त्यात माझा जीव गुंतत नाही. माझा जीव गुंततो त्या डंपरच्या उतारात. जेसीबीचा एक घास म्हणजे वरची फळं, खालचे धागे आणि ते ज्या थरात जगतात तो थर, सगळं एकदम. त्या जागी पुन्हा कोरडी, मोकळी, न दबलेली वाळू साचायला पुरावर पूर यावे लागतात, आणि वरच्या धरणांमुळे तसे पूर आता कमी येतात. म्हणून ही बुरशी राखायची म्हणजे तो काठ राखायचा. छत्र्यांभोवती काट्या रोवून काही होणार नाही.

---

सातपुड्याची_पोर

मी धडगावकडची. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी पावरा आणि भिल्ल कुटुंबं गोळा करतात, आठवडे बाजारात पानाच्या द्रोणात विकतात. उधई तिच्या वारुळात जी बुरशी पोसते तिचीच ही छत्री. आमच्या आया-मावशांना कोणत्या वारुळाला कोणत्या पावसात येणार ते ठाऊक असतं, आणि वारूळ कुणी फोडत नाही. हे संरक्षणच आहे, फक्त कुणी लिहून ठेवलेलं नाही.

गिरणाकाठच्या दादांना एक विचारायचं होतं, तुमच्या काठावर उधई आहे का? पोडॅक्सिस वारुळाजवळ येते असं ऐकलंय.

---

बुरशीवेडी

बरोबर ऐकलंत. पोडॅक्सिसच्या काही जाती वारुळावर येतात, काही उघड्या वाळूत वारुळाशिवाय. पूर्वी सगळ्यांना पिस्टिलॅरिस या एकाच नावाखाली टाकत. अलीकडे डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की एका नावाखाली अनेक जाती आहेत. आणि एक गोष्ट तर आपल्यासाठी मोलाची आहे. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७७१ मध्ये या बुरशीला पिस्टिलॅरिस नाव दिलं ते भारतातून गेलेल्या नमुन्यावरून. म्हणजे तिचा मूळ नमुना आपल्या देशाचा. म्हणून भारतातल्या कोणत्याही काठावरचा नमुना, नीट नोंदवून ठेवला, तर जगातल्या अभ्यासकांना उपयोगाचा ठरतो. "ती काय, सगळीकडे असते" म्हणून सोडून देण्याजोगी ती नाही.

---

गिरणाकाठचा

काल बुरशीवेडी ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. एक पडलेला, वाळलेला दांडा घेतला आणि ब्लेडने उभा चिरला. आतला दांडा डोक्यातून सरळ शेंड्याला भिडलाय, आणि दोन्ही बाजूंना काळपट तपकिरी पूड गच्च भरलेली. दांडा आतून तंतूतंतूंचा, बाहेरून खवले अजून शाबूत. वाळू सारून उभ्या दांड्यांची बुडंही बघितली. पिशवी कुठेच नाही, बूड जरा फुगलेलं आणि त्याला वाळू घट्ट चिकटलेली. वारूळ जवळपास दिसलं नाही. फोटो वर जोडले आहेत.

म्हणजे पोडॅक्सिसच ना?

---

बुरशीवेडी

हो, पोडॅक्सिस. छान फोटो आहेत. कोणती जात ते नमुना तपासल्यावर सांगता येईल.

---

डांगरवाडी

मग ती दुर्मीळ नाही तर विषय संपला का?

---

गिरणाकाठचा

माझ्यापुरता तरी नाही, दादा. उलट आता कुठे सुरू झालाय. तिचं नाव कळलं, म्हणजे अर्जात लिहायला काहीतरी मिळालं. आणि बटारिया त्या काठावर नाहीच असंही ठरत नाही. कोरड्या वाळूतल्या बुरशा वर्षानुवर्षं जमिनीखाली गप्प राहतात आणि एखाद्या पावसाळ्यातच वर येतात. जो काठ आजवर कुणी वाकून बघितलाच नाही त्यावर काय आहे आणि काय नाही, हे कोण सांगणार? बघायच्या आधीच तो डंपरखाली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

---

इप्सविचकर_खान्देशी

याला जोडून सांगतो. लंडनमधल्या क्यूच्या वनस्पती उद्यानाने २०१४ ते २०१९ या काळात एक उपक्रम चालवला, लॉस्ट अँड फाउंड फंगाय. शंभर बुरशांची यादी काढली, ज्या खरंच दुर्मीळ आहेत की कुणी शोधल्याच नाहीत हे कळत नव्हतं. मग हौशी लोकांना सांगितलं, शोधा. पेन्शनर, शिक्षक, शाळकरी मुलं बाहेर पडली. काही बुरशा भरपूर निघाल्या, काही खरोखर दुर्मीळ ठरल्या. दोन्ही उत्तरं कामाची होती.

---

आप्पा_सेवानिवृत्त

धागा पहिल्यापासून वाचतोय. महसूल खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे बुरशीचं मला काही कळत नाही, पण कागदाचं कळतं. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या परिशिष्टांत प्राणी आहेत आणि थोड्या वनस्पती आहेत, बुरशी एकही नाही. तेव्हा त्या दाराने आज प्रवेश नाही. पण जैवविविधता अधिनियम २००२ चा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवली पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० पर्यंत हे सगळीकडे पूर्ण करायला लावलं होतं, नाही केलं तर राज्यांना दरमहा दंड. त्यामुळे तुमच्या पंचायतीत ही नोंदवही कपाटात असणारच. काढून बघा. बहुतेक वह्यांत निंब, बाभूळ, गाय, म्हैस, मोर असेल. बुरशीचं पान कोरं असेल. ते कोरं पान हीच तुमची जागा.

त्याच अधिनियमात कलम ३७ प्रमाणे जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करता येतं. जळगावजवळचं लांडोरखोरी तसं जाहीर झालेलं आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यालाच ही वाट माहीत आहे. कलम ३८ मध्ये नामशेष होण्याच्या मार्गावरची जाती जाहीर करायची तरतूद आहे, आणि तिथे शब्द "कोणतीही जाती" असा आहे. प्राणी किंवा झाड असं बंधन नाही. ही दोन्ही दारं लांबची आहेत, पण आहेत.

आता वाळूचं. मी नोकरीत असताना गावातल्या वाळूघाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस घेत. शिवाय केंद्राच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार होतो, कोणत्या नदीतून कुठे किती वाळू काढायची त्याचा. त्याचा मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. या २१ दिवसांत हरकत टाकणारा माणूस मी क्वचितच पाहिला. लोक डंपर आल्यावर रस्त्यात उभे राहतात. तेव्हा उशीर झालेला असतो, आणि मारही तेच खातात. हरकत वेळेत टाकली तर तिचा विचार करावा लागतो.

आणि २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना वाचा. काठापासून नदीच्या रुंदीच्या पाव भागाइतकं अंतर सोडायचं, आणि तेही साडेसात मीटरपेक्षा कमी नको. काठ कापून उतार करणं त्यात कुठे बसतं ते तुम्हीच विचारा. लेखी विचारा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे बोललेलं वाक्य.

---

डांगरवाडी

आप्पा, ही २१ दिवसांची गोष्ट आम्हाला आजवर कुणी सांगितली नव्हती. आमच्या गावच्या विहिरींचं म्हणणंही त्यात टाकता येईल का?

---

आप्पा_सेवानिवृत्त

येईल, टाकाच. विहिरींची पाणीपातळी, वाडी कोणत्या गटात होती, कोणत्या साली बंद पडली, सगळं लिहा. एका हरकतीत पाणी, शेती आणि ही बुरशी तिन्ही असली तर ती वजनदार होते. एकेकट्याने टाकलेली हरकत बाजूला सारता येते. ग्रामसभेचा ठराव जोडलेली सारणं अवघड जातं.

---

तळवेल_नाना

आप्पा आणि ताई, दोघांनाही धन्यवाद. शंका एकच. जागा जाहीर केली तर उलट कुणीतरी मुद्दाम खरवडून टाकणार नाही का? आमच्याकडे पुरावाच नको म्हणून रातोरात जागा सपाट केल्याचं बघितलंय.

---

बुरशीवेडी

भीती खोटी नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण धूसर ठेवायची सोय आहे. मग जगाला साधारण वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन दिसतो, नेमका बिंदू दिसत नाही. नमुना मात्र नेमक्या ठिकाणासह संस्थेत जमा व्हायला हवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा संग्रह आहे, अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम. तिथे नमुना गेला की त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक अर्जात लिहिला की "तिथे होतं काय" हा प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही.

नमुना कसा ठेवायचा ते सांगते, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरून सडतो. कागदी पाकिटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. आधी सावलीत खडखडीत वाळवा. एक-दोन पुरेत, बाकीचे उभे राहू द्या. पाकिटावर तारीख, गावाचं नाव, नदीच्या कोणत्या काठावर, वाळू बारीक की भरड, कोणतं झाड किती अंतरावर, वारूळ होतं की नाही, शेवटचा पाऊस कधी झाला, हे सगळं पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. कोवळ्या अवस्थेचा फोटो मिळाला तर उत्तम, कारण आतला गर पांढऱ्यावरून तांबूस आणि मग काळपट होत जातो तेही नोंदवता येतं.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत वनस्पतीशास्त्राचे विभाग आहेत. जवळच्या महाविद्यालयात एखादी प्राध्यापिका गाठा. पदवीच्या मुलांना प्रकल्प हवेच असतात.

---

सातपुड्याची_पोर

नोंदवहीत बुरशी लिहिताना नुसतं शास्त्रीय नाव लिहू नका. गावात काय म्हणतात, कोण वापरतं, कशासाठी, तेही लिहा. आमच्याकडे सर्वेक्षणाला आलेल्यांनी आयांना काही न विचारताच पानं भरली आणि वारुळाची अळंबी राहूनच गेली. नोंदवही लोकांची आहे, तिच्यात लोकांचं बोलणं आलं पाहिजे.

---

अहिराणी_लेक

मी आईला फोन करून विचारलं. ती सांगते की वाळलेल्या छत्रीची पूड गुराच्या जखमेला लावायचे, तिच्या सासरी. खरं-खोटं माहीत नाही, पण लिहून घ्या. तिचं गाव, वय हे तुम्हाला वेगळं कळवते.

---

बुरशीवेडी

ताई, हेच हवं होतं. औषध म्हणून कुणी वापरू नये, पण वापराची आठवण म्हणून नोंदवहीत हे गेलंच पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनी याच बुरशीची पूड अंग रंगवायला आणि पांढरे केस काळे करायला वापरल्याच्या नोंदी आहेत. आपल्या आयांचं कुणी लिहिलंच नाही.

---

इप्सविचकर_खान्देशी

आणखी एक आकडा देऊन थांबतो, अर्जात कामी येईल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत मार्च २०२५ मध्ये तपासलेल्या बुरशांची संख्या १३०० वर गेली, आणि त्यातल्या किमान ४११ धोक्यात निघाल्या. जगात बुरशांच्या जाती २५ लाखांच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे, नाव मिळालेल्या दीड लाखाच्या थोड्या वर. जिथे तपासणीच इतकी थोडी तिथे एका गावाची नोंदही लहान नाही.

---

गिरणाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते लिहितो, म्हणजे इतर गावांनाही तेच वापरता येईल.

ग्रामसेवकांकडे नोंदवही मागितली, ती आहे. आप्पा म्हणाले तसंच, बुरशीचं पान कोरं आहे. समितीच्या अध्यक्षांनी पुढच्या बैठकीत नोंद घ्यायचं कबूल केलंय. दोन नमुने वाळवून पाकिटात ठेवलेत, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एका मॅडमनी पुण्याला पाठवायची जबाबदारी घेतली आहे. ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा असा केलाय, चुकलं असेल तर सांगा:

"मौजे आमचे गाव येथील गिरणा नदीच्या काठावरील वाळूच्या पट्ट्यात पोडॅक्सिस वंशाची बुरशी आढळली असून तिची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत घेण्यात आली आहे. सदर पट्टा नदीच्या पात्रालगतचा भूजल साठवणारा भाग असून काठच्या विहिरी त्यावर अवलंबून आहेत. सबब या पट्ट्यातून वाहनांसाठी उतार काढणे, काठ खरवडणे अथवा सपाटीकरण करणे यास ग्रामसभेची हरकत आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालात हा पट्टा उत्खननातून वगळावा."

---

आप्पा_सेवानिवृत्त

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. "मौजे" नंतर गट क्रमांक आणि चतुःसीमा लिहा, नाहीतर कोणता पट्टा हा वाद राहतो. तलाठ्याकडून नकाशाची प्रत काढून जोडा. आणि विहिरींची यादी परिशिष्ट म्हणून द्या, मालकांच्या सह्यांसह. ठरावाची प्रत तहसील, जिल्हा खनिकर्म शाखा आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला, तिन्ही ठिकाणी पाठवा.

---

डांगरवाडी

आमच्या गावाच्या बाजूलाही तसाच काठ आहे, पलीकडच्या तीरावर. पुढच्या पावसात तिथे बघतो. दांडा सापडला तर चिरून फोटो टाकतो, आणि विहिरींची यादी आजपासूनच काढायला घेतो. नाना, तुमची शाळा कुठल्या तीरावर? पोरांना घेऊन येता आलं तर दोन्ही काठ एकदम बघून होतील.

---

तळवेल_नाना

आमची शाळा तुमच्याच तीरावर, दादा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आठवी-नववीची पोरं घेऊन येतो. ताई, पोरांना भरता येईल असा नोंदीचा एक साधा तक्ता इथे टाकाल का? पाकिटावर जे लिहायला सांगितलंत तेवढेच रकाने पुरेत.

---

बुरशीवेडी

टाकते, उद्यापर्यंत. मराठीतच करते, आणि गावातलं नाव लिहायला पहिला रकाना ठेवते.